थंडीत संधिवात वाढतो, की फक्त दुखणे वाढते?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तुम्ही विचारलेल्याच गोष्टीचे उत्तर देत आहे ना, हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही निफाड तालुक्यातून लिहिले आहे. आईंचे वय ५४, सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला आमवात किंवा नुसताच संधिवात म्हणतात तो आजार. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. दिवाळी सरली की सकाळी मूठ वळत नाही, गार पाण्यात हात घातला की कळ जाते आणि गेल्या डिसेंबरपासून उजव्या हाताची दोन बोटे अधूनमधून पांढरीफटक पडतात. तुम्ही विचारता की थंडीने मुळात आजारच वाढतो का. वाढत असेल तर हिवाळ्यापुरता औषधाचा डोस वाढवावा, की आईंना तीन महिने गोव्याला मावशीकडे ठेवावे. आणि थंडी इतकी वाईट असेल तर डॉक्टर सुजेवर बर्फ ठेवायला कसे सांगतात, आणि बर्फाच्या पाण्यात बसून दाह उतरतो असे मोबाइलवरचे लोक कशाच्या आधारावर सांगतात.

प्रश्न चांगला आहे, कारण त्यातली विसंगती खरी आहे. मी गेली पंचवीस वर्षे पुण्यात संधिवाताचेच रुग्ण पाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हा प्रश्न बहुधा रोज ऐकतो. एक मर्यादा सुरुवातीलाच सांगतो. आईंचे हात मी पाहिलेले नाहीत आणि या उत्तरातला बराच भाग ते हात पाहिल्यावरच ठरणारा आहे. तरीही विचार कसा करायचा, हे सांगता येते.

या आजारात दोन गोष्टी असतात आणि आपण दोन्हींना ‘दुखणे’ म्हणतो. एक म्हणजे दाह: सांध्याच्या आतल्या अस्तरात रोगप्रतिकारक पेशी शिरून बसतात, अस्तर जाड होते, पाणी भरते आणि उपचार झाले नाहीत तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे मऊ आवरण, आणि हाड कुरतडले जाते. दुसरी म्हणजे रुग्णाला जाणवणारा ठणका आणि आखडलेपणा. दाह वाढला की ठणका वाढतो, हे खरे. पण ठणका वाढला म्हणजे दाह वाढलाच, असे नाही. थंडीबद्दलचे सगळे संशोधन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की यांनी नक्की मोजले काय.

मी दवाखान्यात तो फरक बोटांनी करतो. मूठ वळल्यावर हाताच्या पाठीवर जे चार उंचवटे दिसतात, ते सांधे एकेक करून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो आणि हलके दाबतो. दाह असलेला सांधा पिकलेल्या द्राक्षासारखा लागतो, फुगीर आणि दाबला की किंचित दबणारा. झिजेचा सांधा खारकेच्या बीसारखा टणक लागतो. आणि हिवाळ्यात हात जोडून ‘डॉक्टर, फार वाढलंय’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या चिमटीत मला काहीच लागत नाही: कातडी गार, सांधा सपाट, हाडाची कड स्पष्ट. त्यांचे दुखणे खोटे नसते. पण त्याच दिवशी त्यांचे औषध वाढवणे चुकीचे ठरले असते.

आता सकाळच्या मुठीकडे येऊ. या आजाराचा आखडलेपणा सकाळी सर्वाधिक असतो आणि त्यामागे घड्याळ आहे. इंटरल्यूकिन-६ हा दाह पसरवणारा रासायनिक निरोप रात्रीच्या उत्तरार्धात चढतो आणि पहाटे कळसाला पोहोचतो. दाह दाबणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉलही पहाटेच वाढते, पण या रुग्णांमध्ये ते दाहाच्या मानाने अपुरे पडते. यावर २००८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला फार आवडते. त्यात प्रेडनिसोन या स्टेरॉइडची अशी गोळी दिली गेली की जी रात्री झोपताना घ्यायची, पण पोटात तिचे आवरण सुमारे चार तासांनी, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास उघडायचे. सकाळी घेतलेल्या नेहमीच्या गोळीच्या तुलनेत या रुग्णांचा सकाळचा आखडलेपणा कमी झाला. औषध तेच, बदलली ती फक्त वेळ. आता पाहा, दिवसातली सर्वांत थंड वेळही पहाटेचीच असते. दोन गोष्टी रोज एकाच वेळी घडत असतील तर माणूस दिसणाऱ्या गोष्टीला दोष देतो. थंडी अंगाला लागते. इंटरल्यूकिन लागत नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो की मे महिन्यात सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो. मे महिन्यातही तासभर लागत असेल तर तो दाह बाराही महिने अर्धवट नियंत्रणात आहे, आणि हिवाळा केवळ त्याच्यावरचे पांघरूण काढतो. मे महिन्यात पाच मिनिटांत हात मोकळे होत असतील आणि डिसेंबरात वीस मिनिटे लागत असतील, तर मी थंडीला दोष द्यायला तयार आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही लिहिली नाही पण निफाड म्हटल्यावर मला विचारावीशी वाटते. आई द्राक्षबागेत काम करतात का? ऑक्टोबरची छाटणी झाली की डिपिंग, मग घडांची विरळणी आणि जानेवारीपासून काढणी. विरळणीत दिवसभर छोटी कात्री चालवायची म्हणजे नेमके तेच बोटांचे सांधे आणि तेच मनगट राबते, जे या आजारात आधी धरतात. त्यात पारा उतरला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि पाणी सोडायचे. म्हणजे तुमच्याकडे थंडी आणि हातांच्या कष्टाचा मोसम हे दोन्ही एकत्रच येतात. मागे पिंपळगावच्या बाजूच्या एक बाई माझ्याकडे दर जानेवारीत हात सुजवून येत. तीन वर्षे आम्ही दोघांनीही थंडीला नावे ठेवली. चौथ्या वर्षी सहज बोलताना कळले की त्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरतात, त्यातला अर्धा वेळ शीतगृहाच्या दाराशी, आणि हंगामात दवाखान्याची फेरी चुकते म्हणून मेथोट्रेक्सेटचे दोन-तीन आठवडे हमखास बुडतात. थंडी होती, कष्टही होते, पण सूज आणली होती बुडलेल्या गोळ्यांनी. ती चूक माझी होती. पहिल्याच वर्षी विचारायला हवे होते.

हवामानाबद्दलचे संशोधन नेमके इथेच अडखळत आले आहे. या विषयातला सर्वांत धाडसी प्रयोग अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ हॉलंडर यांनी १९६० च्या दशकात केला. त्यांनी ‘क्लायमेट्रॉन’ नावाची बंद खोली उभारली, जिच्यात तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब हवा तसा बदलता येई, आणि संधिवाताच्या मोजक्या रुग्णांना तिच्यात राहायला ठेवले. एकेक घटक सुटा बदलला तेव्हा फारसे काही झाले नाही. आर्द्रता वाढत असतानाच दाब घसरला, म्हणजे वादळापूर्वी होते तशी हवा झाली, तेव्हा बहुतेकांचे दुखणे वाढले. रुग्ण फार थोडे होते, म्हणून त्यावर इमारत उभी करता येत नाही. पण त्यांनी हवा हातात घेऊन बदलली, हे महत्त्वाचे. नंतरच्या बहुतेकांनी बाहेरची हवा नुसती नोंदवली.

त्याच्या विरुद्ध टोकाला १९९६ चा डोनाल्ड रेडेलमायर आणि अमोस ट्वर्स्की यांचा अभ्यास. त्यांनी ऱ्हुमॅटॉइडच्या १८ रुग्णांचे दुखणे १५ महिने नोंदवले आणि स्थानिक हवामानाशी ताडून पाहिले. संबंध दिसला नाही, जरी हवेने दुखते यावर रुग्णांचा विश्वास होता. मग त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या आकड्यांच्या जोड्या दाखवल्या, तर त्यातही अनेकांना संबंध ‘दिसला’. ढगाळ दिवशी दुखले ते लक्षात राहते आणि ढगाळ असून दुखले नाही तो दिवस विसरला जातो, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो अर्धा पटतो. १८ जणांत छोटा परिणाम सापडणे कठीणच होते.

अलीकडचा मोठा अभ्यास मँचेस्टरचा, विल डिक्सन यांच्या गटाचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. दीर्घकाळ दुखणे असलेल्या लोकांनी रोज मोबाइलवर आपले दुखणे नोंदवले आणि फोनच्या ठिकाणावरून त्या दिवसाची तिथली हवा कळत गेली. २,६५८ जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणे काहीसे जास्त होते. परिणाम किती मोठा, तर सामान्य दिवशी शंभरातल्या पाच दिवसांत दुखणे उसळत असेल, तर वाईट हवेत ते शंभरातल्या सहा दिवसांत. आणि तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे हे, की निव्वळ तापमानाचा स्पष्ट संबंध सापडला नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ६५ वर्षांवरील लोकांच्या १ कोटी १० लाखांहून अधिक डॉक्टर-भेटी पावसाशी ताडून पाहिल्या गेल्या. पावसाच्या दिवशी सांधे-पाठदुखीच्या भेटी वाढलेल्या नव्हत्या. अर्थात, आज पाऊस पडला म्हणून आजच कोणी डॉक्टरकडे जात नाही, तारीख आधीच ठरलेली असते, त्यामुळे या अभ्यासाने वाद मिटला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग थंडी निर्दोष सुटली का? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण घरांत आहे. इंग्लंडमध्ये बाहेर पाच अंश असले तरी घरात हीटर चालू असतो. माणूस स्वयंपाकघरात उबेतच असतो. निफाडच्या परिसरात किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते तेव्हा घरातली फरशीही गार, नळाचे पाणीही गार आणि पहाटेची भांडी अंगणात. बाहेरच्या हवेची नोंद आणि हातांना प्रत्यक्ष लागणारी थंडी यांतले अंतर तिथे मोठे आहे, आपल्याकडे जवळजवळ नाही. म्हणून परदेशी अभ्यासातले ‘तापमानाचा संबंध नाही’ हे वाक्य उचलून तुमच्या आईंना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे कोणी सांगत असेल, तर ते वाक्याचा गैरवापर करत आहेत.

हातांना थंडी लागते तेव्हा शरीर काय करते, हे बरेच नीट माहीत आहे. त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून निरोप जातो, सहानुकंपी मज्जासंस्था नॉरॲड्रेनॅलिन सोडते आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणजे आतल्या अवयवांची ऊब टिकावी म्हणून शरीर बोटांचा रक्तपुरवठा तात्पुरता आवरते. बोटांत स्नायू नसतात, नुसते स्नायूबंध, हाड आणि कातडी. स्वतःची ऊब तयार करायला तिथे काही नाही, म्हणून ती झपाट्याने गार होतात. निरोगी माणसाने बर्फाच्या पाण्यात बोट ठेवले तर पाच-दहा मिनिटांनी वाहिन्या आपोआप सैलावतात, बोट तापते, पुन्हा आक्रसते, पुन्हा सैलावते; हा झोका ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये नोंदवला. दुसरीकडे सांध्यातले वंगण थंडीत घट्ट होते आणि सांध्याभोवतीचे स्नायूबंध व आवरण ताठरतात. १९६० च्या सुमारास व्हर्ना राइट आणि रिचर्ड जॉन्स यांनी बोटाच्या सांध्याचा ताठरपणा यंत्रावर मोजला, तेव्हा हात गरम केल्यावर तो घटला आणि गार केल्यावर वाढला. म्हणजे ‘गारठ्यात हात आखडतात’ हे यांत्रिक सत्य आहे; तुमचे आणि माझेही आखडतात. पण ज्या सांध्याचे अस्तर आधीच जाड झाले आहे, तिथे त्या ताठरपणात थोडी भर पडली तरी मूठ वळायची थांबते. शिवाय दाहाने त्या जागेचे मज्जातंतू आधीच हळवे झालेले असतात, त्यामुळे जे पाणी तुम्हाला नुसते गार लागते ते आईंना टोचते.

इथपर्यंतचे एका ओळीत सांगायचे तर, थंडी हाताला ताठर आणि हळवे करते, हे ठाम. थंडी अस्तरातला दाह पेटवते, याला मला पटेल असा पुरावा नाही.

आता बर्फाची विसंगती. निरोगी गुडघ्याच्या आतले तापमान शरीराच्या गाभ्यापेक्षा कमी, ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि दाह झाला की ते चढते. हे १९४९ साली हॉलंडर आणि स्टीव्हन हॉर्व्हाथ यांनी सांध्यात सुई घालून मोजले होते. १९७४ मध्ये एडवर्ड हॅरिस यांच्या प्रयोगशाळेत दिसले की ऱ्हुमॅटॉइडच्या अस्तरातून मिळवलेले, कोलॅजेन हे कूर्चेला बळ देणारे प्रथिन तोडणारे विकर (एन्झाइम) ३३ अंशांपेक्षा ३६ अंशांवर कूर्चेचे कोलॅजेन सुमारे चौपट वेगाने तोडते. फक्त तीन अंशांत चौपट. त्यामुळे तापलेला सांधा गार करावा, या विचाराला आधार मिळाला. पुढे नेदरलँड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या गुडघ्यावर अर्धा तास बर्फाचे तुकडे ठेवून पाहिले, तर आतले तापमान सुमारे ३२ वरून सुमारे २२-२३ अंशांवर आले. उलट मेणाच्या शेकाने आतले तापमान साडेतीन अंशांनी वाढले. म्हणजे बर्फ नुसता कातडीला गार करत नाही, तो आत पोहोचतो.

पण परीक्षानळीतले विकर आणि चालता-बोलता गुडघा यांत अंतर आहे. शेक दिल्याने सांधा लवकर झिजतो, असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही, आणि शेकाचा आराम तर रुग्ण रोज सांगतात. म्हणून माझा नियम साधा आहे. सांधा लाल, तापलेला, फुगलेला असेल आणि एक-दोनच सांधे असे असतील, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. सांधे सपाट असून सकाळी नुसते आखडले असतील तर ऊब: कोमट पाण्याच्या तसराळ्यात दहा मिनिटे हात बुडवून त्याच पाण्यात मुठी वळणे-उघडणे. शेकाने रोग बरा होत नाही आणि बर्फानेही होत नाही, दोन्हींनी काही तास बरे जातात. मात्र ज्यांची बोटे पांढरी पडतात त्यांनी हातांना बर्फ लावायचाच नाही. तुमच्या आईंना, निदान तपासणी होईपर्यंत, हाच शेवटचा नियम लागू. आणि हातांना खरोखर टिकाऊ फायदा कशाने होतो, तर व्यायामाने: इंग्लंडमध्ये ४९० रुग्णांच्या चाचणीत, २०१५ मध्ये, हातांचे ताण देण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम शिकवलेल्या गटाची हातांची क्षमता वर्षभरानंतर इतरांपेक्षा चांगली होती. कणीक मळणे हा त्यातला व्यायाम नव्हे, कारण ते काम आहे आणि ते दुखऱ्या दिवशीही करावेच लागते. व्यायाम मोजून-मापून, उबेत, रोज थोडा.

व्हिडिओंविषयी. संपूर्ण शरीर अतिथंड कक्षात काही मिनिटे ठेवण्याचा उपचार मुळात ऱ्हुमॅटॉइडसाठीच निघाला, जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तोशिमा यामाउची यांच्याकडे. फिनलंडमधल्या २००६ च्या एका चाचणीत सक्रिय आजाराच्या ६० रुग्णांना वेगवेगळे थंड उपचार दिले: कोणाला उणे ११० अंशांचा कक्ष, कोणाला उणे ६०, कोणाला स्थानिक गार हवा किंवा बर्फाच्या पिशव्या. दुखणे सगळ्याच गटांत कमी झाले, उणे ११० वाल्यांचे सर्वाधिक. पण आजाराच्या सक्रियतेत गटांमध्ये ठोस फरक पडला नाही. तेच दोन वेगळे धागे पुन्हा: ठणका उतरला, आजार होता तिथेच राहिला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कक्षांच्या वैद्यकीय दाव्यांना पुरावा नाही, असा जाहीर इशारा दिला. लोक जिनिव्हातल्या २०२१ च्या उंदरांवरच्या संशोधनाचाही दाखला देतात. त्यात थंडीत ठेवलेल्या उंदरांचा स्वयंप्रतिकारक आजार खरोखर सौम्य झाला, शरीराने ऊब निर्माण करण्याकडे शक्ती वळवल्यामुळे. पण तो मेंदू-मज्जारज्जूचा आजार होता, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, आणि उंदरांना दोन आठवडे सतत दहा अंशांत ठेवले होते. त्यावरून दोन मिनिटांच्या बर्फाच्या टबाकडे उडी मारणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे झाले. शिवाय गार पाण्यात एकदम उतरले की रक्तदाब झटकन चढतो, आणि या आजारात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट धरला जातो. ५४ वर्षांच्या बाईंनी हे करू नये.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र मला तुमच्या त्या एका ओळीकडे द्यावेसे वाटते, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: दोन बोटे पांढरी पडतात. फ्रेंच डॉक्टर मोरीस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिलेला हा प्रकार. बोट आधी पांढरे, मग निळसर, मग ऊब मिळाली की लालबुंद आणि झिणझिण्या. अनेक निरोगी तरुण मुलींनाही हे होते आणि त्याचे काही वाटून घ्यायचे नसते. पण पन्नाशीनंतर, एकाच हाताला, नव्याने सुरू झाले तर कारण शोधलेच पाहिजे. ऱ्हुमॅटॉइडमध्ये ते दिसते, पण स्क्लेरोडर्मा आणि ल्युपस या त्याच कुळातल्या आजारांमध्ये जास्त. त्यामुळे निदानात काही भर घालावी लागेल का, हे पाहावे लागते. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहिल्या तर बरेच कळते, आणि ती तपासणी दुखत नाही. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तीही बोटे गोठवते. आणि एक प्रश्न घरातल्या माणसाने हळूच विचारायचा, कारण डॉक्टरांना त्याचे खरे उत्तर क्वचित मिळते: आई मशेरी लावतात का? तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आक्रसवते, मग ते विडीतून येवो की मशेरीतून. एका बोटाच्या टोकाला जखम होऊन भरत नसेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

थंडीचा या आजाराशी अगदी शब्दशः संबंध असणारी आणखी एक गोष्ट आहे, क्रायोग्लोब्युलिन. ही रक्तातली अशी प्रथिने, की जी ३७ अंशांखाली गोठून गाळासारखी बसतात आणि बारीक वाहिन्या बुजवतात. सांधे दुखतात, पायांवर जांभळे ठिपके उठतात, अशक्तपणा येतो, आणि गंमत अशी की ऱ्हुमॅटॉइडच्या निदानासाठी करतात ती ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची रक्ततपासणीही पॉझिटिव्ह येते, कारण ही प्रथिने स्वतःच बहुधा त्या फॅक्टरसारखी वागतात. मागे बहुतेक वेळा हिपॅटायटिस सी असतो, ज्याचे उपचार आता होतात. ही तपासणी फसण्याचा मार्गही थंडीच. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाचा नमुना तालुक्याहून दोनदा आला आणि दोनदा ‘निगेटिव्ह’ आला. चौकशी केली तेव्हा कळले की बर्फाच्या डब्यात नमुना व्यवस्थित पॅक करून येत होता. म्हणजे जे शोधायचे ते वाटेतच गोठून गुठळीबरोबर खाली बसत होते. तिसऱ्या वेळी मी सिरिंज कोमट करून घेतली, नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली आणि तो थर्मास मांडीवर घेऊन मीच प्रयोगशाळेत गेलो. चौथ्या दिवशी नळीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. तुमच्या आईंना हेच असेल असे मी म्हणत नाही. पायांवर जांभळे ठिपके असतील तरच हा रस्ता. याच ओघात एक छोटी गोष्ट: ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या, पण ईएसआरची नळी थंड खोलीत ठेवली तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून हिवाळ्यात मी सीआरपीवर जास्त भर देतो.

डोसविषयी आता स्पष्ट बोलतो. हिवाळा आहे म्हणून डोस वाढवायचा नाही. सुजलेले सांधे मोजून, दर एक-दोन महिन्यांनी, ठरलेल्या लक्ष्याकडे वाढवायचा, मग महिना कोणताही असो. ग्लासगोमधल्या २००४ च्या ११० रुग्णांच्या चाचणीत असे मोजून-मापून उपचार केलेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांचा आजार शमला, नेहमीच्या पद्धतीच्या उपचारात १६ टक्क्यांचा. एवढा मोठा फरक हवामानाच्या कोणत्याही अभ्यासात दिसलेला नाही. आणि मेथोट्रेक्सेट घरच्या घरी कधीही वाढवू नका. ते आठवड्यातून एकदाच. थंडी फार म्हणून कोणी रोज घेतले तर अस्थिमज्जा दबून जीवावर बेतते, आणि असे रुग्ण मी पाहिले आहेत. हिवाळ्यातल्या लग्नसराईत गोळ्या विसरणे, ताप-खोकल्यात त्या थांबवून पुन्हा सुरू न करणे, आणि ‘तात्पुरते’ म्हणून दुकानातून स्टेरॉइड घेणे, या तीन गोष्टींनी थंडीपेक्षा जास्त सांधे बिघडवले आहेत. फ्लूची लस हिवाळ्याआधी घ्यावी. तिच्यासाठी मेथोट्रेक्सेट एक-दोन आठवडे थांबवायचे का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

गोव्याचे काय? मावशीकडे जायला हरकत नाही; आराम मिळेल, विरळणीचे काम सुटेल, पाणी गार लागणार नाही, आणि त्याने खरोखर बरे वाटेल. पण जे काही अभ्यास हवेला दोष देतात ते प्रामुख्याने दमटपणाला देतात, आणि गोव्याची हवा दमट आहे. पणजीत वर्षानुवर्षे राहणारे माझे रुग्ण पावसाळ्याला तितकीच नावे ठेवतात, जितकी तुम्ही डिसेंबरला. जायचेच असेल तर गोळ्या आणि रक्ततपासणीच्या तारखा बरोबर न्या, म्हणजे तीन महिने उपचारात खंड पडणार नाही. निफाडलाच राहायचे असेल तर हातमोज्यांइतकीच कानटोपी आणि छातीवरची उबही महत्त्वाची, कारण बोटांचा रक्तपुरवठा आवरायचा की नाही हे शरीर गाभ्याच्या उबेवरून ठरवते. धड गार ठेवून नुसते हातमोजे घातले तर बोटे मोज्यातही गारच राहतात. भांडी कोमट पाण्यात, विरळणी ऊन अंगावर आल्यावर. शेकोटीपाशी हात शेकताना अंतर ठेवा. ज्या बोटांना आधीच बधिरता आहे त्यांना भाजलेले उशिरा कळते.

पुढच्या भेटीला जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. पहिली, पंधरा दिवसांची साधी नोंद: उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटे, कोणते सांधे सुजलेले, आदल्या दिवशी किती तास कात्री चालवली, गोळी घेतली की नाही. हवा लिहू नका. ती तारखेवरून नंतरही काढता येते, आणि आधीच लिहिली की दुखणे तिच्याकडे पाहून लिहिले जाते. दुसरी, बोटे पांढरी पडतील त्या क्षणी मोबाइलवर काढलेला फोटो, खिडकीच्या उजेडात, दोन्ही हात शेजारी ठेवून. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत ती बोटे नेहमीच गुलाबी झालेली असतात.